आधी चव

चमचा दिसला की आमचा ढब्बू ओठ असे मिटायचा की कुलूप परवडलं. मान इकडे, मान तिकडे, आणि तरी चमचा आलाच तर हातानं फटकन उडवायचा. भिंतीवर भात, माझ्या चष्म्यावर भात, आणि याच्या पोटात मात्र एक शीत नाही. अंगावर मूठभर मांस नाही आणि नाव काय, तर ढब्बू!

नाव माझ्या लेकीनं ठेवलं. जन्मला तेव्हा गुबगुबीत होता. नाव ठेवलं आणि त्याला दोन महिने होतात न होतात तोच ती गेली. ताप काय आला, अंगात काय भिनलं, हसती-बोलती पोर हातची गेली. त्यावर मी जास्त बोलणार नाही. बोलून ती परत येणार असती तर एव्हाना दहा वेळा आली असती.

पोर माझ्याकडे आलं. मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भाजी चिरायला होते, तिथली नोकरी सोडली आणि घरी बसले. जावईबापू आठवड्यातून एकदा येऊन पोराला उचलायचे, दोन मिनिटं बघायचे आणि खाली ठेवायचे. ते लिफ्ट दुरुस्त करतात. माणूस वाईट नाही हो, पण त्यांच्या लिफ्टसारखाच. कुणी वरचं बटण दाबलं की वर, खालचं दाबलं की खाली. त्यांच्या आईनं बटण दाबलं आणि वर्ष सरायच्या आत दुसरं लग्न करून मोकळे झाले. लग्नाला आम्हाला बोलावलं होतं. आमचे हे जाऊन आले. मी नाही गेले. माझ्या लेकीच्या जागेवर दुसरी बसलेली बघायला मी काय दगडाची आहे?

लग्नानंतर ते ढब्बूला घेऊन गेले. मी काय म्हणणार, बाप आहे. पण आठ दिवसांत परत आणून सोडला. डोळे खोल, ओठ कोरडे, आवाज बसलेला. तिकडे म्हणे बापानं हात धरायचे, बापाच्या आईनं डोकं धरायचं आणि त्या नवीनं चमचा कोंबायचा. मी तिला नवीच म्हणायचे. पोर आहे की भिंतीतला खिळा? आधी चमचा बघून नुसता तोंड फिरवायचा, आता चमचा बघितला की थरथर कापायला लागला.

"आई, आमच्याच्यानं होत नाही," जावईबापू म्हणाले. "ही तर घाबरून गेलीय. जेवायला लागला ना नीट, की नेतो."

"नेतो" म्हणाले. मी मान हलवली, पण मनात काय आलं ते सांगते. मला बरं वाटलं. जेवत नाही तोवर हा माझा, असा साधा सरळ हिशोब होता तो. त्याच्या त्या मिटलेल्या ओठांनीच त्याला माझ्या घरात ठेवलं होतं.

आमच्या ह्यांना ते लगेच कळलं. जन्मभर बस चालवली, मागे न बघता मागचं दिसतं त्यांना. म्हणाले, "पोर वाळत चाललंय आणि तू खूश कसली?"

"मी कुठे खूश आहे? उगाच काहीतरी."

"बरं," म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. त्यांचं ते 'बरं' मला शिवीसारखं लागतं.

आम्ही दोघं त्याला दवाखान्यात घेऊन गेलो, वजन केलं तर काटा मागच्या वेळेच्याही मागे. डॉक्टरीणबाई तरुण, माझ्या लेकीच्या वयाची असेल. तिनं मला समोर बसवलं. "आजी, नुसत्या दुधावर आता याचं भागत नाही. याला चमचा नको आहे ना? मग नका देऊ. हातात द्या."

"हातात? अहो, याला चार दात, तेही पुढचे!"

"हिरड्या आहेत की. गाजर, भोपळा, रताळं, बोटानं दाबलं की चेपेल इतकं मऊ शिजवा. लांब कापा, मुठीतून टोक बाहेर राहिलं पाहिजे. खुर्चीत सरळ बसवा, समोर बसून राहा आणि त्याच्या तोंडात तुम्ही काही घालायचं नाही. तो घालेल. खोकला तरी आवाज येतोय तोवर हात घालू नका, तोच बाहेर काढेल. द्राक्ष, शेंगदाणे, असलं गोल आणि कडक मात्र अजिबात नको."

मी तिला काही बोलले नाही. घरी येऊन मात्र बोलले. "घशात अडकलं तर ही बया धावत येणार आहे का? शिकल्या म्हणून काहीही सांगायचं? मी माझ्या लेकीला चमच्यानंच वाढवलं."

हे सरळ स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळानं बघते तर ह्यांनी दोन अख्खी गाजरं पातेल्यात टाकली होती, न सोलता, मातीसकट. उभ्या आयुष्यात गॅस पेटवला नव्हता या माणसानं.

"सरका बाजूला," मी म्हटलं. "गाजराची माती केलीत."

दुसरं गाजर घेतलं, सोललं, पाटावर ठेवलं. हातात सुरी. कॅन्टीनमध्ये मी गोण्याच्या गोण्या चिरल्यात, डोळे मिटून चिरलं तरी सगळे तुकडे सारखे. पण त्या दिवशी सुरी खाली येईना. हे गाजर पोरानं खाल्लं, तर पोर जाणार. इतकं सरळ होतं ते. नाही खाल्लं तर राहणार, पण कसं राहणार तेही मला दवाखान्यातल्या काट्यानं दाखवलं होतं.

चिरलं. काय करणार, आजी आहे, वैरीण नाही.

माझ्या करंगळीएवढे लांब तुकडे केले, वाफवले, निववले, त्याच्या उंच खुर्चीला जोडलेल्या ताटलीत त्याच्यापुढे ठेवले. ढब्बूनं आधी माझ्या हाताकडे बघितलं, चमचा आहे का म्हणून. मी दोन्ही हात वर करून दाखवले, रिकामे. मग त्यानं एक तुकडा उचलला, पिळला, त्याचा लगदा केला आणि केसांना लावला. दुसरा खाली टाकला. तिसरा तोंडात गेला.

आणि तो खोकायला, ओकल्यासारखं करायला लागला. तोंड लाल, डोळ्यांत पाणी. मी झेप घेतली तर ह्यांनी माझं मनगट धरलं. "थांब. खोकतोय, आवाज येतोय. श्वास चालू आहे. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"सोडा मला!"

"थांब म्हणतो ना."

ढब्बूनं तुकडा जिभेनं पुढे ढकलला, हातात घेतला, निरखून बघितला आणि पुन्हा तोंडात घातला. चघळला. गिळला. मग ताटलीवर दोन्ही हात आपटून ओरडला, म्हणजे आणा अजून! मी रडले. गाजरासाठी कुणी रडतं का? मी रडले.

त्यानंतर आमच्या घरात नुसतं चिरणं आणि उकडणं. भोपळ्याच्या फोडी त्याला सगळ्यात प्रिय. रताळं आवडायचं, पण टाळूला चिकटायचं, म्हणून वर घोटभर पाणी. केळं हातातून मासोळीसारखं सुळकन निसटायचं, तेव्हा ह्यांनीच युक्ती काढली की खालची अर्धी साल ठेवायची, मुठीत धरायला. आम्लेटच्या पट्ट्या. शेकलेल्या पावाचे लांब तुकडे, दुधात जरा भिजवून. पिकलेलं पेर. बीट एकदाच दिलं, नंतर ढब्बूकडे बघून शेजारीण किंचाळली, तिला वाटलं पोराचं डोकं फुटलं. पांढऱ्या पडद्यावरचे डाग आजही आहेत. मी धुतले नाहीत.

आता चवीचं सांगते. आमच्या कॅन्टीनमध्ये एक नियम होता. एकदा कधीतरी शिळ्या भाजीनं अख्ख्या पाळीचे कामगार आडवे झाले होते, तेव्हापासूनचा. जेवण मांडलं की भाजी चिरणारीनं सगळ्यांच्या देखत आधी स्वतः खायचं, मग रांग पुढे सरकायची. कामगार ताटं वाजवायचे आणि ओरडायचे, "मावशी, चव!" मी मोठा घास घ्यायचे, मान डोलवायचे, मग सगळे हसत पुढे. इतकी वर्षं केलं ते, अंगवळणी पडलेलं. ढब्बूला तुकडा देण्याआधी मी त्यातला एक त्याच्यादेखत खायचे. गरम आहे का, कच्चं आहे का ते कळायचं. "आधी चव," म्हणायचे, मग ताटली त्याच्यापुढे.

पोरं माकडाची जात. थोड्या दिवसांनी त्यानं पहिला तुकडा उचलला आणि स्वतःच्या तोंडात न घालता माझ्यापुढे धरला. "तव," म्हणाला. आई नाही, आजी नाही, पहिला शब्द तो. मी तोंड उघडलं, त्यानं चिकट बोटांनी तुकडा आत कोंबला, मी मान डोलवली. मगच तो खाल्ला. तेव्हापासून रोज तसंच. मी मान डोलवल्याशिवाय घास तोंडात जायचा नाही. एकदा मी ओट्यापाशी कामात होते तर तुकडा हातात धरून तसाच बसून राहिला, मी येईपर्यंत. माझ्या लेकीच्या मागे मला एवढं कुणी धरून ठेवलं नव्हतं.

आणि फोन यायचा. जावईबापूंचा.

"खातो का आई, चमच्यानं?"

"चमच्यानं? छे! चमचा बघितला की तोंड फिरवतो."

यात खोटं काय आहे सांगा. विचारलं चमच्याचं, सांगितलं चमच्याचं. त्यांनी कधी विचारलं का, हातानं खातो का म्हणून? त्यांच्या घरी जेवण म्हणजे वाटी-चमचा, दुसरं डोक्यातच नाही. मग मी कशाला आपण होऊन सांगत बसू?

हे पेपरमागून म्हणाले, "अगं, तू पोर वाढवतेयस की अडवतेयस?"

"तुम्ही गप्प बसा. त्यांना दुसरं होईल, तिसरं होईल. मला कुठून होणार?"

"ते खरं," ते म्हणाले. "पण तो त्यांचाही आहे." मी पातेलं आपटलं.

एका दुपारी मी भोपळ्याच्या फोडी ढब्बूच्या ताटलीत वाढतच होते आणि दारावरची बेल वाजली. खिडकीतून बघितलं तर जावईबापू, आणि मागे ती. न कळवता! हे दाराकडे निघाले, पण असे सावकाश, की मला जे करायचं त्याला वेळ मिळावा. की मी ते करू नये म्हणून वेळ देत होते, मला आजही कळलेलं नाही.

मी फोडी उचलल्या, वाटीत टाकल्या, काट्यानं चेचल्या. ताटली पुसली. ते आत आले तेव्हा ढब्बू रिकाम्या ताटलीकडे बघत होता.

नवी चष्म्याच्या दुकानात कामाला. अंगानं बारीक, बोलणं हळू. तिनं पर्समधून एक चमचा काढला, रबरी, पिवळा, दांड्यावर बदक. "काकू, हा मऊ आहे. दुकानात म्हणाले, हिरडीला टोचत नाही. म्हटलं, करून बघावं."

"दे की," मी म्हटलं. "तुझ्यासमोरच बघू."

चेचलेला भोपळा त्या बदकाच्या चमच्यात घेतला आणि ढब्बूसमोर धरला. मला ठाऊक होतं काय होणार. ओठ मिटले. मान फिरली. पण या वेळी तो घाबरला नाही, माझ्याकडे बघत राहिला. काय चाललंय हे त्याला समजत नव्हतं. माझ्या हातात चमचा त्यानं किती दिवसांत बघितला नव्हता.

"बघ," मी म्हटलं. "असं आहे."

मी पुन्हा पुढे केला. जोरात. चमचा हिरडीवर लागला असेल, रबराचा असला तरी लागला असेल, कारण तो भोकाड पसरून रडायला लागला. भुकेची वेळ, डोळ्यांतून घळाघळा पाणी. जावईबापू म्हणाले, "राहू द्या आई, राहू द्या." नवीनं तोंड भिंतीकडे केलं, तिचे खांदे हलत होते.

जिंकले होते मी. आता अजून काही महिने कुणी "नेतो" म्हणणार नव्हतं.

आणि रडता रडता ढब्बूनं वाटीत हात घातला. मूठभर लगदा घेतला, बोटांच्या फटींतून गळतोय, नाकातून शेंबूड गळतोय, आणि तो हात सरळ माझ्या तोंडापाशी आणला.

"तव," म्हणाला.

त्याला वाटलं, आजी विसरली. आजीनं चव घेतली नाही म्हणून आज सगळं बिघडलं. मी त्याच्या तोंडात चमचा कोंबत होते आणि तो आधी मला भरवत होता.

माझं तोंड उघडलं. मी नाही उघडलं, ते उघडलं. भोपळा खाल्ला, मान डोलवली. ढब्बूनं हुंदका गिळला, उरलेली मूठ स्वतःच्या तोंडात घातली, चाटूनपुसून खाल्ली, पुन्हा वाटीत हात.

जावईबापू बघतच राहिले. "आई, हा खातो?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, तेवढी दया केली.

"खातो," मी म्हटलं. "हातानं खातो, पोटभर खातो, कधीपासून खातो. मी सांगितलं नाही. झालं समाधान? घेऊन जा."

मला वाटलं आता ती बोलेल. बोलावंच तिनं, म्हणजे मला भांडता येईल. तर ती खुर्चीपाशी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मागच्या वेळी मीच चमचा कोंबला होता. मला बघून तो रडेल असं वाटलं होतं. काकू, हे कसं कापायचं ते शिकवाल?"

असल्या बाईशी भांडायचं तरी कसं? पुढच्या रविवारी न्यायचं ठरलं, आणि मधल्या दिवसांत ती दुकान सुटलं की रोज यायची. मी शिकवलं. "सुरी अशी धरतात? बोटं जातील, मग चष्मे कशानं पुसशील?" "एवढं जाड नको, मूठ बघ केवढी आहे त्याची." "खोकला तर पाठीत धपाटे घालत सुटू नकोस, आधी बघ. आवाज पूर्ण बंद झाला तरच घाबरायचं, आणि तेव्हा काय करायचं ते डॉक्टरीणबाईकडून शिकून घे." केळ्याची साल, रताळ्यावरचं पाणी, बीट दिलं तर पडदे काढून ठेव, सगळं सांगितलं. ती वेडी प्रत्येक गोष्टीला "हो आई" म्हणायला लागली. काकूची आई कधी झाले, मला कळलं नाही, आणि मला ते आवडलंही नाही.

एक गोष्ट मात्र सांगितली नाही. चवीची. तिनं त्या दिवशी बघितलं होतं, पण त्याचा अर्थ तिनं विचारला नाही, मी सांगितला नाही. सगळंच देऊन टाकायचं म्हणजे काय? एवढं एक माझ्यापाशी राहू दे म्हटलं. तिकडे गेला, पहिला तुकडा हातात धरून बसून राहिला, की कळेल त्यांना आजी कोण होती ते. हो, आलं असं माझ्या मनात. येतं.

रविवारी तो गेला. खुर्ची पण गेली. स्वयंपाकघरात तिचे चार पाय टेकायचे तिथे फरशीवर चार डाग राहिले.

फोनची वाट बघितली. खात नाही, असा फोन येईल म्हणून. नाही आला. मीच केला तर जावईबापू म्हणाले, "मजेत खातो आई, काळजी करू नका." मी म्हटलं, बरं. ह्यांच्यासारखंच 'बरं' म्हटलं.

मग एकदा त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. ढब्बू गुबगुबीत झालेला, गालांना वळ्या, आता नाव शोभायला लागलं. मला बघून हसला, माझा चष्मा ओढला, मांडीवर बसला. मला वाटलं, आहे, अजून सगळं आहे. त्याला खुर्चीत बसवलं. नवी एका बाजूला, मी मुद्दाम अगदी समोर. ताटलीत गाजराचे तुकडे.

त्यानं पहिला तुकडा उचलला. "तव!"

माझं तोंड उघडलं.

हात माझ्या समोरून वळला आणि तिच्याकडे गेला. ती ओट्यावरून पाण्याचं भांडं घेत होती. तिनं बघितलंसुद्धा नाही, नुसतं वाकून तोंड उघडलं, तुकडा घेतला, मान डोलवली आणि भांडं भरायला लागली. रोजचंच होतं ते.

मी तोंडावर हात ठेवला आणि जांभई दिल्यासारखं केलं.

"आई, झोप झाली नाही का?" तिनं विचारलं.

"नाही गं," मी म्हटलं. "वय झालं आता."

ढब्बूनं दुसरा तुकडा स्वतः खाल्ला, तिसराही. छान खात होता. गाजर तिनं जरा जाडच कापलं होतं, पण मी काही बोलले नाही.